रिकाम्या पोटी तेज

तिला घरात आणि बाहेर सगळे भिंग म्हणत. हे नाव दादानं ठेवलेलं, ती नऊ वर्षांची असताना. त्या वयात बाकीच्या मुली बिस्किटं खायच्या, ही आधी पुड्याची मागची बाजू वाचायची. पुढं औषधशास्त्र शिकून ती एका मोठ्या रुग्णालयात लागली तेव्हा दादा म्हणाला, "चला, आता मागची बाजू वाचायचा पगार मिळणार!"

तसं ते खरंच होतं. तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली होती. दारावर 'औषध माहिती कक्ष' अशी पाटी, आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि वरून कोणी जिना उतरलं की डुलणारा दिवा. वॉर्डातून डॉक्टरांचे फोन यायचे. हे औषध त्या औषधाबरोबर चालेल का, कंपनीचा माणूस सांगतो त्यात तथ्य किती. ती शोधायची, वाचायची आणि एका पानात उत्तर लिहून वर पाठवायची. उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असायचं. त्यामुळे लोकप्रियतेत तिच्या कक्षाचा नंबर शवागाराच्या नंतर लागत असे.

दादाला मात्र उभ्या आयुष्यात कधी शंका म्हणून आली नव्हती. विमा कंपनीतली सरळ चाललेली नोकरी सोडून त्यानं आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, मग झोपेत परदेशी भाषा शिकवणारा कोर्स विकला, मग चुंबकाच्या गाद्या. प्रत्येक वेळी पहिलं गिऱ्हाईक तो स्वतः असायचा. लबाडी नव्हती हो त्याच्या अंगात. कुणाला फसवायचं झालंच, तर तो आधी स्वतःला मनापासून फसवून घ्यायचा. चुंबकाच्या गादीवर तो दोन वर्षं झोपला. वहिनी ती दोन वर्षं बाहेरच्या खोलीत झोपल्या, कारण त्यांच्या केसांतल्या पिना गादी सोडायला तयार नसत.

तर एका दुपारी हा दादा जिन्याखालच्या खोलीत हजर झाला. काखेत जाडजूड फाइल, हातात एक डबी. डबीवर उगवता सूर्य, सूर्याखाली टेकडी, टेकडीवर दोन्ही हात पसरून उभं असलेलं एक पिकल्या केसांचं जोडपं.

"वाच," दादा म्हणाला. "तुझ्यासाठी आणलंय. पुढची बाजू, मागची बाजू, सगळं वाच."

तिनं वाचलं. बी-तीन जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक खास द्रव्य आत होतं म्हणे. पेशींमधलं इंधन वयाबरोबर कमी होतं, हे द्रव्य ते पुन्हा भरतं. त्यामुळं ऊर्जा वाढते, स्मरणशक्ती वाढते, सांधे मोकळे होतात, झोप लागते, जाग येते, वय थांबतं. एवढं सगळं त्या छोट्या डबीवर मावलं होतं, हे एक आश्चर्य तिनं मान्य केलं.

"दादा, वय थांबतं म्हणजे नक्की काय होतं?"

"तेच तर. थांबतं." दादा खुर्ची ओढून बसला. "हे बघ, एकशे बारा संशोधनांचा आधार आहे याला. फाइलमध्ये सगळी आहेत. तू फक्त अभ्यास कर आणि एक पान लिहून दे. खरं तेच लिही. मी खोटं लिही म्हणतोय का? पुढच्या महिन्यात आमचा परिचय मेळावा आहे. घरचीच तज्ज्ञ असताना बाहेर कशाला जायचं?"

"आणि मी 'नाही' लिहिलं तर?"

"एकशे बारा आहेत गं," दादा मायेनं म्हणाला. "सगळीकडं कसं 'नाही' लिहिशील?"

कामातून वेळ काढून तिनं चार दिवस फाइल वाचली. एकशे बारांपैकी एकोणीस तर दोनदा मोजली होती. तेरांचा या द्रव्याशी काही संबंध नव्हता. त्यांत एक मुलाखत होती, कंपनीच्या मालकानं स्वतःला दिलेली असावी इतकी प्रेमळ. उरलेल्यांपैकी सत्तावन्न उंदरांवर होती. उंदरांच्या बाबतीत बातमी खरोखर आनंदाची होती. म्हातारे उंदीर चाकावर जास्त वेळ पळले होते, त्यांची यकृतं सुधारली होती, एका प्रयोगशाळेत तर त्यांची दृष्टीसुद्धा. रुग्णालयात उंदीर दाखल होत असते तर तिनं तेव्हाच शिफारस केली असती. मग किडे आले, मग यीस्ट. यीस्टलाही फायदा झाला होता, पण ते त्याबद्दल समाधानी आहे की नाही हे लिहिलं नव्हतं.

शेवटी हातात माणसांवरचे सहा अभ्यास उरले. सगळ्यात मोठ्यात चाळीस माणसं. त्यांत एक गोष्ट मात्र निर्विवाद सिद्ध झाली होती, की कॅप्सूल गिळली की ते पेशींचं इंधन रक्तात वाढतं. पुढं काय? पुढं काही नाही. माणसं जास्त भरभर चालली नाहीत, हाताची पकड वाढली नाही, वजन हललं नाही. एका अभ्यासात रक्तदाब जरासा उतरला होता, पण लिहिणाऱ्यांनीच 'मोठा अभ्यास करून पाहायला हवा' असं म्हणून विषय सोडला होता. म्हणजे टाकी भरत होती, गाडी जागची हलत नव्हती.

तिनं एक पान लिहिलं. नेहमीच्या सवयीनं शब्द तोलून लिहिलं: 'या द्रव्यामुळे रक्तातील पातळी वाढते हे सिद्ध झाले आहे. मात्र त्यामुळे माणसाच्या तब्येतीत काही सुधारणा होते असे अद्याप दिसलेले नाही. थोड्या काळासाठी व ठरावीक मात्रेत घेतल्यास गंभीर त्रास झाल्याचे आढळले नाही. दीर्घकाळ घेतल्यास काय होते ते माहीत नाही.' खाली सही, पद, तारीख.

दादानं पान वाचलं. चेहरा पडेल असं तिला वाटलं होतं. तो उलट उजळला.

"झकास!" तो म्हणाला. "यातलं अर्धं तर फारच चांगलं आहे."

त्या 'अर्ध्या'चा अर्थ तिला दहा दिवसांनी कळला. रुग्णालयाच्या अधीक्षक, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी वर बोलावलं. टेबलावर एक गुळगुळीत पत्रक होतं. सूर्य, टेकडी, जोडपं, आणि खाली चौकटीत: 'सिद्ध झाले आहे... गंभीर त्रास झाल्याचे आढळले नाही... — रुग्णालयाच्या औषध तज्ज्ञ.'

"हे तुमचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"शब्द माझे आहेत, मॅडम. ठिपके माझे नाहीत."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या कामाच्या वेळेत हसत नसत. "हे वाटणारे कोण?"

"माझा भाऊ."

"सख्खा?"

"हो."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. बहुधा त्यांनाही एखादा भाऊ असावा. "हे मागं घेतलं असं त्यांच्याकडून लेखी आणा. पंधरा दिवसांत. नाहीतर मला तुमच्यावर कागद काढावा लागेल, आणि तो मला काढायचा नाही."

दादा फोन उचलेना. बहिणीचा फोन कधी उचलायचा नाही, एवढी अक्कल त्याला लहानपणापासून होती. वहिनी म्हणाल्या, "अहो, सकाळी साडेआठला अप्पांकडं गाठा त्यांना. रोज जातात हल्ली. एक दिवस चुकवत नाहीत." हे ऐकून भिंग चकितच झाली. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. नकाशा विभागात बेचाळीस वर्षं आरेखक होते. आई गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. दादाचं घर दोन गल्ल्या सोडून. पण चुंबकाच्या गाद्यांच्या काळात तो तिथं महिन्यातून एकदा गेला तरी खूप.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी तिथं पोचली तेव्हा दार उघडंच होतं. बाप-लेक टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले. समोर वाफाळता चहा. दादानं अप्पांच्या तळहातावर दोन कॅप्सूल ठेवल्या आणि घड्याळ काढून टेबलावर मांडलं, शर्यत सुरू करावी तसं.

"आलीस? बरं झालं. बस, बघ," दादा म्हणाला. पत्रकाचं भांडण काढायला तिनं तोंड उघडलं तसं त्यानं बोट वर केलं. "आधी बघ. वीस मिनिटं. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

तिनं पाहिलं. आधी अप्पांचे कान लाल झाले. मग मान. मग गाल, कपाळ, थेट टकलापर्यंत. अप्पा हळूच हात खाजवू लागले. समोर दादाचंही तेच. दोघं उकडलेल्या बिटासारखे एकमेकांकडं पाहत बसले होते.

"तेज!" दादा हलक्या आवाजात म्हणाला, देवळात बोलावं तसं. "पेशी जाग्या होताना अशा दिसतात. कोटवाले सर म्हणतात, ज्याचं तेज जास्त त्याचं वय जास्त वेगानं थांबतं."

कोटवाले सर म्हणजे कंपनीचे मुख्य मार्गदर्शक. ते उन्हाळ्यातही कोट घालत. त्यांच्या नावामागं डॉक्टर होतं, कशातले ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"किती घेता तुम्ही?" भिंगनं विचारलं.

"आधी एक घ्यायचो. दोन आठवड्यांनी तेज कमी झालं. सरांना विचारलं तर म्हणाले, पेशींना सवय झाली, मात्रा वाढवा. आता अप्पांना दोन आणि मला चार."

"आणि रिकाम्या पोटी, गरम चहाबरोबर, हे कुणी सांगितलं?"

"डबीवरच लिहिलंय. मागच्या बाजूला. तू वाचलं नाहीस?" असं म्हणून दादा स्वतःच्याच विनोदावर हसला आणि पाणी आणायला उठला. उठला तो कळवळून पुन्हा बसला. उजव्या पायाचा अंगठा टमाट्यासारखा सुजला होता.

"हे काय?"

"विषद्रव्यं," दादा म्हणाला. "महिनाभर उतरतायत. सर म्हणाले, सगळी पायाच्या अंगठ्यात गोळा होतात आणि तिथून बाहेर पडतात."

"कुठून बाहेर पडतात, नखातून?"

"तू चेष्टाच कर."

पण ती चेष्टा करत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरू लागलं होतं. फाइलमधल्या सहाही अभ्यासांत एक वाक्य होतं, की या द्रव्यानं चेहरा लाल होत नाही. त्याचं सगळं कौतुकच ते होतं. चेहरा लाल होतो, अंग खाजतं, ते ज्याच्यापासून हे द्रव्य बनवतात त्या जुन्या, साध्या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं. नायसिन. पन्नास वर्षांपासून कुठल्याही दुकानात मिळणारं. रिकाम्या पोटी आणि गरम पेयाबरोबर घेतलं की आणखी लाल करणारं. आणि मोठ्या मात्रेत रक्तातली साखर वाढवणारं, यूरिक अॅसिड वाढवणारं. यूरिक अॅसिड वाढलं की पहिली खबर पायाचा अंगठा देतो.

तिनं हे सगळं दादाला सांगितलं. दादानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुझं म्हणणं, तेज येतं हीच तक्रार?"

"माझं म्हणणं, डबीवर लिहिलंय ते डबीत नाही."

"भिंग, तू ना, सूर्य उगवला तरी त्याची पावती मागशील."

पत्रकाचं भांडण राहूनच गेलं. तिनं डबीतल्या सहा कॅप्सूल पुडीत बांधून घेतल्या, अप्पांना दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासून यायला सांगितलं आणि कामावर गेली. दुसऱ्या संध्याकाळी अहवाल आला. सहा महिन्यांपूर्वी अप्पांची उपाशीपोटीची साखर एकशे चार होती. आता एकशे एकतीस.

अहवाल घेऊन ती पुन्हा जिना चढली. अप्पा एकटेच पेपर वाचत बसले होते.

"अप्पा, उद्यापासून कॅप्सूल बंद."

"हं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी कपाटावरची डबी काढली आणि चष्म्याजवळ धरली. "हे चित्र पाहिलंस? सूर्य जोडप्याच्या मागं. आणि सावल्या कुठं पडल्यात? त्याही मागंच. सूर्याकडं. बेचाळीस वर्षं मी नकाशे काढले. सावली कुठं पडते हे ज्यांना कळत नाही, त्यांना पेशी काय कळणार, कप्पाळ?"

"तुम्हाला कळत होतं? मग घेत कशाला होता?"

अप्पांनी डबी पुन्हा जागेवर ठेवली, नीट, कडेला समांतर. "तेज यायला वीस मिनिटं लागतात ना," ते म्हणाले. "तो तेवढा वेळ बसतो. कधी अर्धा तासही. काल त्यानं मला विचारलं, तुम्ही नदीचं वळण कसं मोजायचात. बावन्न वर्षांचा झाला, पहिल्यांदा विचारलं."

एवढ्या वर्षांत भिंगनं असंख्य दाव्यांची चिरफाड केली होती, पण हा फायदा कुठल्याच अभ्यासात नोंदवलेला नव्हता.

शेवटी दोघांनी मिळून एक तोडगा काढला. तोडगा कसला, शुद्ध फसवणूक. पुडीतल्या कॅप्सूल तपासून येईपर्यंत अप्पांनी कॅप्सूल तोंडात टाकल्यासारखं करून मुठीत ठेवायच्या. "आणि तेजाचं काय?" अप्पांनी विचारलं. त्याचीही सोय झाली. दहा-पंधरा मिनिटांनी अप्पा तोंड धुवायला म्हणून आत जायचे आणि खरखरीत टॉवेलनं गाल, कान, टक्कल घासून बाहेर यायचे. तिसऱ्या दिवशी दादानं तिला फोन केला, स्वतःहून. "बघ, तू म्हणतेस काही नाही! आज अप्पांचं तेज कालच्या दुप्पट होतं!"

कॅप्सूल तिनं एका महाविद्यालयात पाठवल्या होत्या. तिथं तिची वर्गमैत्रीण रसायनशास्त्र शिकवायची आणि तिच्या हाताखाली औषधातलं द्रव्य ओळखणारं यंत्र होतं. नऊ दिवसांनी वर्गमैत्रिणीचा फोन आला. "अगं, हे काय पाठवलंस? प्रत्येक कॅप्सूलमध्ये पाचशे मिलिग्रॅम साधं नायसिन आहे, अगदी चोख. डबीवर जे लिहिलंय त्याचा कणसुद्धा नाही. मी दोनदा लावून पाहिलं."

मेळावा रविवारी सकाळी होता, एका शाळेच्या सभागृहात. दादाला एकट्याला गाठावं म्हणून ती तासभर आधी गेली. तो लंगडत खुर्च्या मांडत होता. तिनं अहवाल हातात दिला. त्यानं वाचला. शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आधी कार्यक्रम होऊ दे," तो म्हणाला.

"दादा, अप्पांची साखर सत्तावीसनं वाढली होती. हे घे, दोन्ही अहवाल. मी त्यांच्या कॅप्सूल नऊ दिवसांपूर्वीच बंद केल्या."

"कशा बंद? मी रोज माझ्या हातानं—" दादा थांबला. "तेज येत होतं की."

"टॉवेल."

दादा उरलेल्या खुर्च्या मांडू लागला. पण आता त्या रांगेत बसत नव्हत्या.

पन्नासेक माणसं जमली. कोटवाले सर आले, कोटासकट. ते बोलायला उभे राहिले आणि पाऊण तास पेशींच्या वतीनं बोलले. पेशींना काय वाटतं, पेशी कशा रडतात, पेशी कुणाची वाट पाहतात, हे सगळं त्यांना जवळच्या नातेवाइकासारखं ठाऊक होतं. शेवटी ते म्हणाले, "आणि आज आपल्यात रुग्णालयाच्या तज्ज्ञ स्वतः आल्या आहेत! ताई, दोन शब्द!"

तिला बोलायचं नव्हतं. पण टाळ्या सुरू झाल्या, वाट मोकळी झाली, आणि ध्वनिक्षेपक हातात आला तेव्हा तिनं सरळ विचारलं, "ही कॅप्सूल घेतल्यावर चेहरा लाल होतो, असे किती जण आहेत?"

तीस-चाळीस हात वर गेले, मोठ्या अभिमानानं.

"अंगाला खाज?"

तेवढेच हात.

"म्हणजे डबीवर लिहिलेलं द्रव्य त्यात नाही. त्यानं चेहरा लाल होत नाही. मी कॅप्सूल तपासून घेतल्या. आत साधं, जुनं नायसिन आहे, भरपूर. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे सांधे सुजलेत, ज्यांना यकृताचा त्रास आहे, त्यांनी हे आजच थांबवा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा."

वर राहिलेले दोन-चार हातही खाली आले. भिंगला वाटलं, चला, झालं काम. तिला माणसांचा अभ्यास कमी होता, तो असा.

कोटवाले सर हसत उठले. "ऐकलंत? प्रयोगशाळेत तपासून! ताईंनी आज स्वतः सिद्ध केलं, की आपल्या कॅप्सूलमध्ये बनवलेलं, बदललेलं काही नाही. मूळ जीवनसत्त्व आहे. अस्सल! चोख!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या रांगेतल्या एका आजींनी उभं राहून विचारलं, "म्हणजे मूळ पण मिळतं आणि डबीवरचं पण?" "दोन्ही, आजी, दोन्ही!" सर म्हणाले. भिंग काहीतरी ओरडली, पण तोवर ध्वनिक्षेपक कुणीतरी बंद केला होता.

मग दादा उठला. लंगडत मंचाच्या तीन पायऱ्या चढला. प्रत्येक पायरीला थांबत चढला, त्यामुळं सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं गेलं. बिनध्वनिक्षेपकाचंच तो म्हणाला, "सर, एवढंच सांगा. डबीवर जे लिहिलंय ते आत आहे की नाही?"

दादाच्या आयुष्यातली ही पहिली शंका, आणि ती पन्नास लोकांसमोर यायची होती.

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादा, आज तुमची ऊर्जा जरा उतरलेली दिसते. किती घेतल्या सकाळी?"

"चार."

"सहा करा!"

सगळे हसले. दादाही सवयीनं हसायला गेला, आणि ते हसू मध्येच कुठंतरी अडकलं. तो मागं वळला आणि चालायला लागला. तोंडावर राग घेऊन ताडकन निघून जावं असा तो प्रसंग होता. पण त्या अंगठ्यानं ताडकन काही होऊ दिलं नाही. तीन पायऱ्या उतरून दारापर्यंत पोचायला त्याला दोन मिनिटं लागली, आणि तोवर सरांनी पुढचा विषय काढलासुद्धा. त्या दिवशी मेळाव्यात तेवीस नवे सभासद झाले. भिंगच्या भाषणाचा त्यात मोठा वाटा होता, असं नंतर कळलं.

दादानं पत्रक मागं घेतल्याचं लेखी दिलं, दोन पानी, अलंकारिक भाषेत. 'अज्ञानाच्या धुक्यात' हे शब्द त्यात तीनदा होते. मोठ्या बाईंनी ते वाचून फाइलला लावलं आणि म्हणाल्या, "तुमचे बंधू लिहितात बरं." भिंगनं अहवाल जोडून सरकारी औषध कार्यालयात तक्रार केली. पोच आली. पाच आठवड्यांनी, नमुना सीलबंद डबीत तीन प्रतींत पाठवावा, असं पत्र आलं. तिनं पाठवला. पुढं आणखी एक पत्र आलं: कंपनीने लेबल बदलून त्यावर 'मूळ जीवनसत्त्व, तेजाच्या अनुभूतीसह' असे नमूद केले असल्याने तक्रारीचे कारण उरत नाही. डबीत आणि डबीवर आता एकच गोष्ट होती. सत्याचा विजय झाला होता, तोही सूर्याच्या चित्रासकट.

ही पत्रं येण्याच्या कितीतरी आधी, दोन आठवड्यांतच, दादाचा अंगठा डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरला. पण अप्पांकडं तो फिरकला नाही. मेळाव्यापासून सोळा दिवस झाले. अप्पा तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. भिंगनं विचारलं तर म्हणाले, "कामात असेल तो." काम कुठलं, हे त्यांनीही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सकाळी साडेआठला दार मात्र ते उघडंच ठेवत, असं शेजारच्या काकूंकडून तिच्या कानावर आलं.

एके संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. दादा खिडकीशी बसून काहीच करत नव्हता. वहिनींनी खुणेनंच सांगितलं, असंच चाललंय. भिंगनं पिशवीतून साखर मोजायचं छोटं यंत्र काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"अप्पांची साखर रोज सकाळी, उपाशीपोटी मोजायला हवी. मी त्या वेळी कामावर निघते. तुला जावं लागेल."

"रोज?"

"रोज. साडेआठला. मोजून झालं की अर्धा तास बसायचं. काही होत नाही ना, बघायचं."

"टोचल्यावर अर्धा तास?"

"अर्धा तास," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलू न देता तिनं हे सांगितलं. अप्पांच्या एवढ्याशा वाढलेल्या साखरेसाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा तपासणी पुष्कळ होती, आणि अर्ध्या तासाला तर कसलाच आधार नव्हता. एखाद्या कंपनीनं असं काही छापलं असतं तर तिनं त्यांना सळो की पळो करून सोडलं असतं.

"अप्पा काही म्हणतील," दादा खाली बघत म्हणाला.

"कशाबद्दल?"

"मी त्यांना महिनाभर..."

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं," भिंग म्हणाली. "सावलीवरून."

दादाला ते कळलं नाही. पण तो दुसऱ्या दिवशी गेला.

आठवड्यानं अप्पांचा फोन आला. "अगं, बोटांची चाळण झाली माझ्या. रोज टोचायलाच हवं का?"

"हो, अप्पा. अभ्यास आहे तसा."

"किती जणांवर?"

"एकावर."

"बरं," अप्पा म्हणाले. "मग चालू दे."

दोन महिन्यांनी एका सुट्टीच्या सकाळी ती सहज तिकडं गेली, तर जिन्यातच दादाचा आरडाओरडा ऐकू आला. ती धावत वर गेली. दादा चष्मा घरी विसरून आला होता आणि यंत्र हातभर लांब धरून उभा होता.

"नऊशे एक! अप्पा, हलू नका! आडवे व्हा आधी! भिंग, नऊशे एक झालीय!"

अप्पांनी बोटावरचा कापूस न काढता दुसऱ्या हातानं यंत्र त्याच्याकडून घेतलं, सुलट केलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"एकशे सहा," ते म्हणाले. "बस आता. चहा टाकतो."